लाल डोळ्यांचा मिस्त्री

गुण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सुतारमंडळी काटकोन तपासायला जे हत्यार वापरतात, त्याला गुण्या म्हणतात. ते हत्यार या माणसाच्या मागच्या खिशात इतकी वर्षं खोचलेलं होतं की लोक हत्याराच्याच नावानं त्याला हाक मारायला लागले. गिऱ्हाइकाच्या घरात शिरला की हा आधी भिंतीच्या कोपऱ्याला गुण्या लावणार, कोपरा तिरका निघणार, मग ज्या गवंड्यानं ती भिंत बांधली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार, घरमालकाचा चेहरा पडणार, आणि मग कुठे कामाचं बोलणं सुरू होणार. त्याची बायको सांगायची, "मला बघायला आले तेव्हा यांनी माझ्या नाकाला गुण्या लावला नाही, एवढंच नशीब."

माणूस भला, पण सोपा नव्हता. त्याला दोन गोष्टींचा गर्व होता. एक म्हणजे त्याची नजर. फळी उचलून एक टोक डोळ्याशी धरायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं फळीच्या कडेवरून पार शेवटपर्यंत बघायचं. केसाएवढा बाक असला तरी त्याला कळायचा. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यानं आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता. हे तो न विचारता सांगायचा, पुन्हा पुन्हा सांगायचा, आणि ऐकणारा कंटाळला तरी थांबायचा नाही.

त्याला कारण होतं. लाकडाच्या धंद्यात डोळ्यांची एक गंमत आहे. मिस्त्री परक्याच्या घरात शिरून काम करतो. घरात बाई एकटी असते, पोरंबाळं असतात, कपाटं उघडी असतात. दार उघडणारी बाई हत्यारांच्या पिशवीकडे बघत नाही, आधी मिस्त्रीच्या डोळ्यांकडे बघते. डोळे लाल म्हणजे रात्रीची उतरलेली नाही. आता दिवसभर भुसा आणि पॉलिशच्या वाफा खाल्लेला डोळा लाल होणार नाही तर काय होणार? पण हे कोण ऐकून घेतो! म्हणून लाकूडगल्लीतल्या प्रत्येक गाळ्यात फळीवर एक छोटीशी बाटली असायची. नाक्यावरचा औषधवाला डॉक्टरचा कागदबिगद न मागता द्यायचा. सकाळी गिऱ्हाइकाकडे निघण्याआधी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला की घडीभरात डोळे बशीसारखे पांढरे. तिला कुणी औषध म्हणत नसे. लाली कापायचं पाणी म्हणत. जसा निघताना माणूस केसांवरून कंगवा फिरवतो, तसे हे लोक डोळ्यांत थेंब टाकायचे, आणि गुण्या सगळ्यांपेक्षा जास्त टाकायचा. सकाळी, दुपारी, आणि संध्याकाळी घरी जातानाही.

घरी जातानाही टाकायचा, ते वडिलांमुळे. वडिलांना घरात अण्णा म्हणत. अण्णा दूध डेअरीत कामाला होते, सायकलला दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून घरोघर दूध पोचवायचे. गुण्या शाळेत होता तेव्हापासून ते धडकायला लागले. आधी एका हातगाडीला धडकले, मग एका खांबाला, आणि मग एका म्हातारीला, आणि म्हातारीचा हात मोडला. डेअरीवाल्यांनी सांगितलं, हा पिऊन सायकल चालवतो, आणि त्यांना घरी बसवलं. अण्णा मान खाली घालून म्हणायचे, मी पीत नाही. पण सपाट रस्त्यावर पडणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? गल्लीतली पोरं त्यांच्या चालीची नक्कल करायची. समोरून अण्णा येताना दिसले की गुण्या रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला जायचा, आणि अण्णांनी कधी त्याला हाक मारली नाही, त्यामुळे त्याला वाटायचं की बापालाही त्याची लाज कळते. शेवटी मागच्या जिन्यावरून पडून अण्णा गेले. तिरडी उचलली जात होती तेव्हा कुणीतरी म्हणालं, पिऊन गेला. गुण्यानं ते ऐकलं आणि त्याच्या मनात ते कायमचं रुतून बसलं.

तर असा हा गुण्या. पोरं मोठी होऊन आपापल्या घरी गेली, हात अजून धडधाकट होते, कामाला तोटा नव्हता. एके दिवशी सकाळी तो गाळ्यात एक फळी डोळ्याशी धरून बघत होता. शेजारच्या गाळ्यातला पॉलिशवाला यंत्रावर लाकूड घासत होता. तिथून उडालेला भुसा नेमका गुण्याच्या उजव्या डोळ्यात गेला. त्यानं फळी सोडली, तळहात उजव्या डोळ्यावर दाबला, आणि डावा उघडला. समोर अंधार. तो ओरडला, लाईट गेली का रे? पॉलिशवाल्याकडून उत्तर आलं नाही, कारण त्याचं यंत्र घरघरत होतं. लाईट गेली असती तर यंत्र कसं चाललं असतं?

गुण्यानं हात काढला. उजेड. हात ठेवला. राखाडी धुकं, आणि एका कडेला दाराच्या चौकटीचा थोडासा तुकडा, बाकी काही नाही. त्यानं हा खेळ तीन-चारदा करून बघितला आणि मग तो स्टुलावर बसला. डोळा कधी गेला हे त्याला माहीत नव्हतं. दुखला नव्हता, सुजला नव्हता, कधी साधी तक्रार केली नव्हती. जन्मभर त्यानं डावा डोळा मिटूनच जगाकडे नीट बघितलं होतं. दोन्ही उघडे असले की उजवा दोघांचं काम करत होता. चोर घरात कधी शिरला आणि कधी सगळं नेलं, मालकाला पत्ता नाही.

बायकोनं त्याला हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरबाई वयानं त्याच्या मुलीएवढी, बोलणं तुटक, पण हात हलका. डोळ्यावर निळा उजेड धरून तिनं दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि भुवया वर केल्या. मग एका अंधाऱ्या खोलीत त्याला एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रासमोर बसवलं. आत कुठेही उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याच्या वेळी त्यानं बरीच बटणं दाबली. डाव्याच्या वेळी तो बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसला. बराच वेळ गेल्यावर तो तिथल्या मुलीला म्हणाला, ताई, यंत्र बंद पडलंय वाटतं. यंत्र चालू होतं. ठिपके एकामागून एक चमकत होते.

डॉक्टरबाईनं सांगितलं, काचबिंदू आहे. गुण्याला मोतीबिंदू माहीत होता. तो म्हणाला, काढून टाका मग. ती म्हणाली, हा काढता येत नाही. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. कडेपासून मरत मरत मधे येते, म्हणून माणसाला कळत नाही. मेलेली नस परत येत नाही. डावा जवळजवळ गेलेला आहे, उजव्याच्याही कडा कुरतडल्या गेल्यात, पण मधलं शाबूत आहे. रोज रात्री झोपताना एकेक थेंब टाकायचा, जन्मभर.

"थेंब टाकून जास्त दिसायला लागेल असं समजू नका, काका," ती म्हणाली. "आहे ते जाऊ नये म्हणून टाकायचे. डोळे लाल होतील, चुरचुरतील. तसं झालं तर मनानं बंद करायचे नाहीत. माझ्याकडे यायचं, मी दुसरं देईन."

मग तिनं विचारायच्या गोष्टी विचारल्या. डोळ्यांत आणखी काही औषध टाकता का? गुण्या म्हणाला, नाही. तो खोटं बोलत नव्हता. लाली कापायचं पाणी औषधात मोडतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. घरात कुणाला काचबिंदू होता का, कुणाची नजर गेली होती का? गुण्या म्हणाला, कुणाची नाही. अण्णांचं नाव डॉक्टरसमोर काढायला त्याची जीभ रेटली नाही, आणि काढून तरी काय सांगणार होता? बाप दारू प्यायचा, एवढंच त्याला माहीत होतं. डॉक्टरबाईनं दोन्ही ठिकाणी "नाही" असं लिहून घेतलं.

पहिले काही दिवस बायको रोज रात्री पुढ्यात बसून विचारायची, टाकले का? तो टाकायचा. डोळ्यांत आग व्हायची, आणि सकाळी आरशात बघितलं की दोन्ही डोळे तांबारलेले. तरी त्यानं कळ काढली. एक डोळा गेल्याची भीती पोटात होती.

त्याच सुमारास त्याच्याकडे एका बाईंचं स्वयंपाकघराचं काम आलं. बाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्त झाल्यावर साऱ्या जगाच्या मुख्याध्यापिका झाल्या होत्या. पहिल्या दिवशी गुण्या हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. बाईंनी दार उघडलं, त्याच्या डोळ्यांकडे बघितलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, मिस्त्री, आज बरं वाटत नाही का? उद्या या. दुसऱ्या दिवशी गेला तर त्यांनी जाळीचं दार उघडलंच नाही. आतूनच सांगितलं, दुसऱ्या माणसाला काम दिलंय. औषधानं डोळे लाल झालेत हे सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं. पण अण्णाही असंच काहीतरी सांगायचे, हे आठवलं आणि त्यानं ते मिटून घेतलं. पिशवी खांद्याला लावून तो जिना उतरला. त्याची कानशिलं तापली होती. बाईंचा राग आला, त्याहून जास्त त्या नव्या बाटलीचा आला.

डोळा जाण्याची भीती मोठी होती, हे खरं. पण ती लांबची भीती होती. दारुड्याचा पोर दारुडाच निघाला, असं कुणी म्हणेल ही भीती दाराबाहेर उभी होती. गुण्यानं नवे थेंब सोडून दिले. डॉक्टरबाई दुसरं औषध देईन म्हणाली होती, ते त्याला आठवत होतं. पण परत जायचं, पुन्हा त्या अंधाऱ्या खोलीत बसायचं आणि ठिपके मोजणारं यंत्र डाव्या डोळ्यासमोर चालू आहे हे समजून घ्यायचं, हे त्याच्या जिवावर आलं. दवाखान्यात जायची तारीख आली तेव्हा एका नव्या इमारतीतल्या कपाटांचं काम अंगावर होतं. नंतर जाऊ म्हणाला, आणि ते नंतर पुढे पुढे सरकत गेलं.

बायको विचारायची, टाकले का? तो मोरीत जाऊन बाटली दाबायचा, एक थेंब नळाखाली जायचा आणि तो म्हणायचा, टाकले. आणि सकाळी गाळ्यात जाऊन जुनं पाणी टाकायचा, आता पूर्वीपेक्षा जास्त, कारण धाक बसला होता. डोळे स्वच्छ झाले, आग थांबली. बायको एके दिवशी त्याची हनुवटी धरून उजेडात बघत म्हणाली, औषध लागू पडलं बरं का, काय सुरेख दिसतायत डोळे. ती बिचारी खरंच खुश झाली होती. त्यालाही वाटलं, दिसायला चांगले आहेत म्हणजे आतून चांगलेच असणार. ज्यानं साऱ्या जन्मात लाकूड वरून गुळगुळीत आणि आतून पोखरलेलं शेकडो वेळा बघितलं होतं, त्याला हे वाटावं, याचा मला राग येतो. पण वाटलं खरं.

मग एकेक गोष्टी बिघडायला लागल्या. ओट्यावर शेजारीच ठेवलेली पटाशी त्याला सापडेना, आणि त्यानं पॉलिशवाल्यावर आळ घेतला. पॉलिशवाला चिडला, दोघांत चांगलीच जुंपली, आणि पटाशी त्याच्या कोपराशीच निघाली. दारांच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या. एका घरात पोराची तीनचाकी सायकल मधे उभी होती, तिच्यावरून हा आडवा झाला. ताटातलं मीठ शोधताना त्यानं पाण्याचा पेला लवंडला. बायको म्हणाली, लक्ष कुठे असतं तुमचं? तो म्हणाला, वय झालं. पाय अडखळतात म्हणून तो खाली बघत चालायला लागला आणि मग कपाळ आपटायला लागलं. त्यानं स्वतःच बसवलेल्या कपाटाच्या उघड्या दारावर एकदा असं डोकं आपटलं की रक्त आलं. घरमालकीण आतून कापूस घेऊन आली, पण कापूस देताना तिनं श्वास रोखून धरला होता, हे त्याला कळलं.

त्या नव्या इमारतीत एके दिवशी सकाळी तो कपाटाचं दार पाठीवर घेऊन जिना उतरत होता. शेवटच्या पायरीची कडा त्याला दिसलीच नाही. पायरी संपली असं समजून त्यानं पाऊल टाकलं आणि दारासकट खाली आला. दाराला उभी चीर गेली. गुडघा फुटला. तो तसाच पायरीवर बसून राहिला. इमारतीचा राखणदार फाटकाशी कुणाशी तरी बोलत होता. आवाज हलका होता, पण जिन्यात आवाज चढतो.

"सकाळी सकाळीच लावून येतो," राखणदार म्हणत होता. "डोळे मात्र बघ, काहीतरी घालून पांढरे करून आणतो. डोळे झाकतील, पाय कसे झाकणार?"

गुण्याच्या अंगाचा तिळपापड झाला. उठून त्या राखणदाराची कॉलर धरावी, त्याच्या नाकाशी तोंड नेऊन म्हणावं, घे, हुंग. त्यानं उठायचा प्रयत्नही केला. पण गुडघ्यानं साथ दिली नाही आणि तो परत बसला. बसल्याबसल्या राग निवत गेला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. मी पीत नाही, तो मनाशी म्हणाला. मी पीत नाही आणि हे लोक म्हणतायत मी पितो. मी सपाट जागी पडतो, दारांना धडकतो, आणि मी पीत नाही.

मग अण्णा?

अण्णांच्या हातात बाटली त्यानं कधी पाहिली नव्हती. घरात कधी सापडली नव्हती. कुठल्या गुत्त्यात ते बसलेले कुणी बघितलं, असंही कुणी नाव घेऊन सांगितलं नव्हतं. संध्याकाळी ते गुण्याकडून पाढे म्हणून घ्यायचे. चुकला की लगेच पकडायचे. पाय अडखळायचे, पण जीभ कधी अडखळली नाही. आणि रस्त्यावर तो पलीकडे गेला तरी हाक मारायचे नाहीत, ते लाजेनं नव्हे. कडेनं जाणारा मुलगा त्यांना दिसतच नव्हता. गुण्या त्या पायरीवर बसून पोरासारखा रडला. राखणदारानं ते बघितलं आणि त्याची आणखीच खात्री पटली.

दवाखान्यात तो त्याच दिवशी गेला, गुडघ्याला फडकं बांधून, बायकोला बरोबर घेऊन. डॉक्टरबाईसमोर बसल्यावर त्यानं सगळं ओकून टाकलं: थेंब सोडले, बायकोशी खोटं बोललो, जुनं पाणी टाकत राहिलो. बायकोनं त्याच्याकडे बघितलं नाही. पदराशी चाळा करत ती भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत राहिली. डॉक्टरबाईनं जुनी बाटली दाखवायला सांगितली. ती त्याच्या शर्टाच्या खिशातच होती. बाईनं वरची बारीक अक्षरं वाचली आणि खुर्चीत मागे टेकली.

यात स्टेरॉइड आहे, ती म्हणाली. लाली कापतं, आग थांबवतं, आणि काही माणसांच्या डोळ्यात दाब वाढवतं. ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांच्यात तर जास्तच. डॉक्टरच्या नजरेखाली थोडे दिवस ठीक, तुम्ही वर्षानुवर्षं टाकत आलात. तिचा आवाज चढला होता. पहिल्या खेपेला मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत, असं ती म्हणायला गेली आणि अर्ध्यावर थांबली. बहुधा तिला कळलं असावं की आपण औषध म्हणालो आणि यांना ते औषध वाटतच नव्हतं. पुढे ती हळू बोलली.

पुन्हा दाब मोजला, पुन्हा ते यंत्र. उजव्या डोळ्याच्या कडा आता खूप आत आल्या होत्या. समोरचं, मधलं तेवढं उरलं होतं. दाब थेंबांनी उतरला नाही तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि तीही गेलेलं परत आणायला नव्हे, उरलेलं राखायला. नवे थेंब तिनं बदलून दिले. हेही थोडे लाल करतील, ती म्हणाली. गुण्या म्हणाला, करू देत.

मग तो अण्णांबद्दल बोलला. सायकल, हातगाडी, म्हातारी, जिना. डॉक्टरबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. न बघता मी काही ठाम सांगू शकत नाही, ती म्हणाली, पण तुम्ही सांगताय ते तसंच वाटतं. आणि लगेच विचारलं, भावंडं किती? एक मोठी बहीण, गुण्यानं सांगितलं. त्यांचे डोळे कधी तपासलेत? गुण्यानं मान हलवली. उद्याच घेऊन या, ती म्हणाली, त्यांना काही त्रास नसला तरी आणा. त्रास नसतोच.

घराच्या जिन्याशी आल्यावर बायकोनं त्याचा दंड धरला आणि एकच वाक्य बोलली, "माझ्याशी खोटं बोलायचं होतं तर दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायचं होतं." त्या रात्री थेंब तिनं स्वतःच्या हातानं टाकले, आणि तेव्हापासून बाटली तिच्या ताब्यात गेली.

ही बहीण, अक्का, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. नवरा गेल्यापासून एकटीच. अण्णांच्या शेवटच्या दिवसांत आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, तेव्हा त्यांचं सगळं अक्कानं केलं होतं, चिडत, फणफणत, पण केलं होतं. सकाळी गुण्या आणि बायको तिच्या दारात उभे राहिले. थेंबांनी गुण्याचे डोळे इंगळासारखे झाले होते. अक्कानं दार उघडलं, भावाच्या तोंडाकडे बघितलं, आणि दार अर्धं ओढून घेतलं.

"तूसुद्धा?" ती म्हणाली.

गुण्या काही बोलायच्या आत ती पुढे वाकली आणि तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग गोंधळून तिनं बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, औषधानं झालेत वन्सं, आत तर येऊ द्या.

आत बसल्यावर गुण्यानं तिला सगळं सांगितलं. आपल्या डाव्या डोळ्याचं, उजव्याचं, जिन्यावरून पडल्याचं, राखणदाराचं. आणि मग अण्णांचं सांगितलं. अण्णा पीत नव्हते अक्का, तो म्हणाला, त्यांना दिसत नव्हतं. आपल्यापैकी कुणाला कळलं नाही, त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. अक्का ऐकत होती. तिनं एकदाही मधे तोंड घातलं नाही, आणि तिच्या बाबतीत हे कधी घडलं नव्हतं. ती उठून खिडकीशी गेली, परत आली, बसली.

"वास कधीच यायचा नाही रे," ती म्हणाली. "मला वाटायचं, इतके लोक म्हणतात म्हणजे असेल. बिनवासाची मिळत असेल कुठेतरी."

बायकोनं तिच्या पाठीवर हात ठेवला. अक्काचं बोलणं थांबेना.

"मी ताट वाढायचे त्यांना. ते ताटाबाहेर हात फिरवत राहायचे, वाटी शोधत. वाटी तिथेच असायची, बोटभर लांब. मी सरकवून द्यायचे नाही. म्हणायचे, शुद्धीवर असाल तर सापडेल. मग ते तसंच कोरडं खायचे आणि उठायचे."

गुण्याही तेव्हा त्याच घरात जेवायला बसत होता. त्याच्या डोळ्यांसमोर तो फिरणारा हात आला आणि जाईना. मला माफ कर म्हणावं तर कुणाला? शेवटी बायकोच म्हणाली, वन्सं, चला, दवाखान्याची वेळ होईल. मला काय झालंय, अक्का म्हणाली, मला सगळं दिसतंय. पण तिनं चपला घातल्या.

दवाखान्यात अक्काचा दाब वाढलेला निघाला. नसेच्या एका कडेला सुरुवात झाली होती, नुसती सुरुवात. डॉक्टरबाई म्हणाली, वेळेवर आलात आजी, थेंब नेमानं टाकलेत तर तुमची नजर तुमच्याबरोबरच राहील. गुण्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्यानं डोळे मिटून घेतले, आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला जरा बरं वाटलं.

डॉक्टरबाईनं अक्काच्या नावाचा नवा कागद पुढे ओढला आणि ठरलेले प्रश्न विचारायला सुरुवात केली. वय, साखर, रक्तदाब, आणखी काही औषधं, डोळ्यात टाकायचं काहीही, अगदी साधं पाणी असलं तरी. अक्का एकेकाचं उत्तर देत गेली. मग प्रश्न आला, घरात कुणाला काचबिंदू?

"आमच्या वडिलांना होता," अक्का म्हणाली.

डॉक्टरबाईनं ते लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. अक्कानं टेबलावर हात ठेवून तिला थांबवलं.

"ते पीत नव्हते," ती म्हणाली. "तेही लिहा."